तेरावी खाच

गंगम्मा माझी नणंद. थोरली. तिच्याविषयी गोड ऐकायचं असंल तर दुसऱ्या घरी जा. गावात तारीफ करणारे लई निघतील, मेलेल्या माणसाची तारीफ फुकट असते. मी तिच्या भिंतीला भिंत लावून संसार केला. मला ती आवडली न्हाई. तिलाही मी आवडले न्हाई, आन् ते तिनं एकदाही लपवून ठेवलं न्हाई.

आता तिचं नाव निघालं ते माझ्या नातीपायी. शाळेत तिला अपूर्णांक शिकवून राहिलेत. एक छेद दोन, एक छेद तीन, एक छेद चार, ह्यांची बेरीज कर म्हणे, आन् त्याच्या आधी छेद समान कर. पोरगी पुस्तकावर बसून रडत होती. कशाला करायचे समान, वेगळे असले तर काय बिघडतं, असं तिचं म्हणणं. मी म्हणलं, न्हाई केले तर काय बिघडतं ते मला इचार. आमच्या घरात न्हाई केले, तर विहिरीवर कोयते निघाले.

आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या अलीकडं. बाजार शिरूरचा, पण तवा जिल्हा उस्मानाबादचा. माझा सासरा शरणप्पा किराणा दुकानदार होता आन् शेतकरीही होता. शेतात त्याची बांधीव विहीर, चौकोनी, वरपासून खालपर्यंत सरळ. दुकानात बसला की त्याच्या तोंडात पाव, निम्मं, पाऊण. पावकी, निमकी लहानपणी छड्या खाऊन पाठ केलेला माणूस तो. शेतात गेला की जबान बदलायची. वाटेकऱ्याशी बोली तिसऱ्या हिश्शाची, खळ्यावर धान्याचे तीन ढीग, त्यातला एक राबणाऱ्याचा. पाव आन् तिसरा दोन्ही त्याच्याच तोंडात होते, पण ते एकमेकांना कधी भेटले न्हाईत. पावकीचा पाढा हाय, निमकीचा हाय. तिसऱ्याचा पाढा आमच्याकडं कुणी कुणाला शिकवला न्हाई.

सासऱ्याला तीन लेकरं. थोरला वीरण्णा, त्यानं दुकान धरलं. मधली गंगम्मा. धाकटा मन्मथ, माझा नवरा, तो शेतात राबायचा आन् कुणी काही बोललं की खाली बघायचा.

गंगम्माला उदगीरकडं दिली होती. नवऱ्यानं दुसरी आणली, तशी ही त्याच दिवशी ट्रंक घेऊन मोटारीत बसली आन् माहेरी उतरली. कुणी न्यायला गेलं न्हाई, कुणी समजूत घालायला गेलं न्हाई. भावांनी तोंडं फिरवली. मी तवा नवी नवरी होते, मीही फिरवलं. परत आलेली नणंद कुणाला पाहिजे असते. ती उंबऱ्यावरच म्हणली, "मी कुणाच्या ताटातलं खाणार न्हाई. मला एक तुकडा द्या." सासऱ्यानं विहिरीखालचा तुकडा दिला. तिथं तिनं लिंबोणी लावली. झाडं फळाला येईस्तोवर दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेली, पण आमच्याकडं एक भाकर मागितली न्हाई. पुढं ती झाडं म्हणजेच तिची भाकर झाली. एवढा ताठा बरा न्हाई असं मी तवाही म्हणत होते.

मरायच्या आधी सासऱ्यानं तिघांना वेगवेगळं बोलावलं. थोरल्याला म्हणला, विहीर निम्मी तुझी, तू घराचा खांब. माझ्या नवऱ्याला खळ्याच्या बोलीत म्हणला, तू राबलास, तिसरा हिस्सा तुझा. लेकीला जवळ बसवून म्हणला, पाव तुझी, कुणी तुला हटकणार न्हाई. आमच्या लिंगायतांचे गुरू, जंगम सिद्धराम स्वामी तिन्ही वेळेला शेजारी बसून होते. त्यांनी मान हलवली. तिघांनीही मान हलवली. म्हातारा ज्याला बघंल त्याची त्याला माया यायची, तसं तो बोलला आन् सुखानं गेला. बेरीज कुणी केली न्हाई.

करायची गरजच न्हाई पडली. विहीर भरलेली. वीरण्णाचं डिझेलचं इंजिन होतं, ज्याला लागंल तसं तो पाणी घ्यायचा. भरल्या विहिरीत हिस्से कोण मोजतो.

मग बाहात्तर आलं. गावातले आड आटले, माणसं खडी फोडायला गेली, रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापून थापून हाताला वास राहिला. आमची विहीर आटली न्हाई, तेवढं नशीब. तळाला बारीक झरा होता. दिवसभर उपसा केला की खाली चिखल दिसायचा, आन् रात्रभर पाझरून पाणी पुरुषभर वर यायचं, पांढऱ्या खडकाच्या पट्ट्यापर्यंत. त्याच्यावर न्हाई. तेवढ्या पाण्यावर वीरण्णाचं चाऱ्याचं कडवळ, आमचे बैल, म्हैस आन् मिरचीचा तुकडा, आन् गंगम्माची लिंबोणी. सगळे पहाटे उठून विहिरीवर. आधी शब्दानं भांडणं, मग घागरीनं.

गंगम्माच म्हणली, "काठी करा. डोळ्यानं वाटलेलं मला चालत न्हाई."

माझ्या नवऱ्यानं वेळूची काठी केली, तळापासून पांढऱ्या पट्ट्याएवढी उंच. विहिरीत उभी ठेवायची, पाणी उतरंल तशा खाचा उघड्या पडतील, आपापल्या खाचा झाल्या की हात आखडायचा. पण खाचा पाडायच्या किती? चार पाडल्या तर निम्म्याच्या दोन होतात, पावची एक होते, तिसरा कुठं बसत न्हाई. सहा पाडल्या तर निम्मं बसतं, तिसरा बसतो, पाव मधेच लटकतो. नवऱ्यानं काठीएवढी दोरी घेतली, तिच्या तीन घड्या घातल्या, मग निम्मी केली, मग पुन्हा निम्मी. बारा झाल्या. बारात निम्म्याच्या सहा, तिसऱ्याच्या चार, पावच्या तीन. सगळ्यांना एका काठीवर बसवलं म्हणून तो लई खूश होता. मीही होते, खोटं कशाला बोलू.

पाळी वयानं लावली न्हाई, वीरण्णानं लावली. आधी तो. मग आम्ही, त्याच्याच इंजिनावर. शेवटी गंगम्मा, आन् तिला इंजिन न्हाई. बहिणीसाठी डिझेल जाळायला मी काय येडा हाय का, असं तो चारचौघात म्हणला. ती पोहऱ्यानं उपसायची आन् झाडाच्या आळ्यात नेऊन ओतायची.

पहिल्याच दिवशी ती विहिरीवर आली तर पाण्याखाली खाचा दोनच. तिच्या तीन. एक गेली कुठं?

तिनं लांबचा इचार केला न्हाई, सरळ माझ्या अंगणात आली. "चोरटे, माझी खाच कुठंय?"

मी भांडी घासत होते. म्हणलं, "आडात न्हाई तर पोहऱ्यात कुठून येणार, अक्का? तुम्हाला नीट उपसता येत न्हाई."

"मला उपसता येतं. तुला थांबता येत न्हाई."

"आम्ही चार घेतल्या. हिश्शाच्या."

"मग तुझ्या मिरचीला एवढा तजेला कसा?"

असं कैक दिवस चाललं. एकदा तिनं माझी वेणी धरली, मी तिच्या दंडाला चावले. त्याचा वळ ती गल्लीत दाखवत फिरली. मी चोरी केली न्हाई, तरी चोर म्हणून माझं नाव शिरूरच्या बाजारापर्यंत गेलं. वीरण्णाची बायको शिवकांता दारात उभी राहून हसायची. तिच्या सहा खाचांना कुणी हात लावत नव्हतं, हसायला तिचं काय जातं.

मग गंगम्मा पहाटेपासून विहिरीच्या काठावर येऊन बसायला लागली. वीरण्णाच्या सहा खाचा उघड्या पडल्या, इंजिन बंद. आमच्या चार पडल्या, बंद. एक बोटभरही कुणी जादा घेतलं न्हाई. आन् तिच्यासाठी खाली दोनच. ती झाडांना पाणी घालून थेट माझ्या ओसरीवर आली, पदरातले चिंचोके काढले आन् जमिनीवर मांडायला लागली.

"हे अण्णाचे." सहा मांडले. "हे तुझे." चार. "हे माझे." तीन. मग माझ्याकडं बघून म्हणली, "काठीवर किती हायती?"

"बारा."

"हे मोज."

मी केरसुणी घेतली आन् चिंचोके अंगणात लोटून दिले. माझ्या ओसरीवर पसारा नको, म्हणलं. पण मोजून झालं होतं. तेरा होते. चोर कुणीच नव्हतं. म्हाताऱ्यानंच एका विहिरीतून एकाहून जादा विहीर वाटली होती. माझ्या नातीचं उत्तर परवा तेच आलं, तेरा छेद बारा. ती म्हणली, आज्जी, हे एकापेक्षा जास्त कसं? मी म्हणलं, तुझ्या पणजाला इचार.

चोर सापडला असता तर बरं झालं असतं. चोराला मारता येतं. मेलेल्या बापाला चुकला म्हणायची कुणाची छाती नव्हती. वीरण्णाला सांगितलं तर त्यानं गल्ल्यावरून उठायचीही तसदी घेतली न्हाई. म्हणला, "अप्पा चुकला न्हाई. जो शेवटी, त्याला उरलं ते. हा दस्तूर हाय."

गंगम्मा म्हणली, "मग शेवटी रोज मीच का? एक दिवस तू हो."

"मी थोरला हाय."

झालं. तेवढाच फैसला. दोन खाचांत तिची बाग जगंना. पानं पिवळी पडली, मग गळाली, वरच्या बाजूची झाडं तर काटक्या झाली. ती आळ्यात हात घालून माती चाचपायची आन् पुढच्या झाडाकडं जायची. कोणतं जगवायचं आन् कोणतं सोडायचं ते ती ठरवून राहिली होती. मला दया आली का? न्हाई. मला माझ्या मिरचीची काळजी होती. ज्याचं त्याला.

एका सकाळी वीरण्णाचं इंजिन सुरू व्हईना. त्याचं हँडलच जागेवर नव्हतं. शोधाशोध झाली, गड्याला दोन ठेवून दिल्या, आन् मग कुणीतरी विहिरीत वाकून बघितलं. खालच्या पायरीवर गंगम्मा बसलेली, पाण्यात पाय सोडून. मांडीवर हँडल. शेजारी एक नवा वेळू, त्याच्यावर कोळशाच्या रेघा ओढलेल्या.

वीरण्णा वरून म्हणला, "वर ये."

"न्हाई येत. ही काठी लावा, मग हँडल घ्या. हिच्यावर तेरा हायती."

सारी भावकी जमली. सिद्धराम स्वामी आले. वीरण्णाच्या थोरल्या पोरानं, चंद्रप्पानं, कोयता घेऊन पायऱ्या उतरायला सुरुवात केली, तसा माझा नवरा जन्मात पहिल्यांदा कुणाच्या आडवा गेला. त्याच्याही हातात कोयता होता. कशासाठी उचलला होता ते त्यालाही ठाऊक नसावं. दोघं तिथंच उभे राहिले.

गंगम्मा खालून म्हणली, "अण्णा, गळ्यातलं इष्टलिंग हातात घे आन् सांग. अप्पा मला काय म्हणला होता?"

आमच्यात लिंग हातात घेऊन खोटं बोलत न्हाईत. वीरण्णा कसाही असला तरी तेवढं इमान त्याच्यात होतं. लिंगावर हात ठेवून म्हणला, "पाव."

"तुला?"

"निम्मी."

"मन्मथ, तुला रे?"

"तिसरा हिस्सा," माझा नवरा म्हणला.

"मग तिघांचं खरं हाय. तिघांचं खरं असंल तर काठी खोटी हाय. तेरा करा. तू सहाच घे, तो चार घेईल, मी तीन घेते. खाच जराशी बारीक व्हईल, सगळ्यांचीच व्हईल."

"तेरात सहा म्हणजे निम्मी न्हाई व्हत," वीरण्णा म्हणला. ते त्याचं बराबर होतं. निम्मीवाला म्हणूनच तो थोरला होता, निम्मी गेली तर तो नुसता मोठा भाऊ.

"आन् बारात दोन म्हणजे पाव व्हतो का?" गंगम्मानं इचारलं.

स्वामी घसा खाकरून म्हणले, "बाई, तुझं घर उदगीरला. माहेरात लेकीनं उरलेल्यावर समाधान मानावं." गंगम्मानं त्यांच्याकडं बघितलंही न्हाई.

मी पदर तोंडावर ओढून बायकांत उभी होते. थोरल्या दिरापुढं आम्ही बोलत न्हाई, तोंड दाखवत न्हाई. मनात म्हणत होते, बसू दे तिला तिथंच, पाय कुजंपर्यंत. तेरा झाल्या तर आमच्याही चार बारीक होणार होत्या. माझं मत तिच्या विरोधात होतं, आन् ते मी घरी नवऱ्याला साफ सांगितलं होतं.

तेवढ्यात वीरण्णाची जीभ सुटली. लोकांकडं तोंड करून म्हणला, "मी माझ्या वरच्या सहा घेणार. खालच्या सहात ही आन् मन्मथ काय ते बघून घेतील. ह्यांची भांडणं मला सांगायची न्हाईत."

मी तिथंच मोजलं. खालच्या सहात आमच्या चार आन् तिच्या तीन. सात. म्हणजे ती एक खाच आता नुसती गंगम्माची राहिली न्हाई, माझ्याही चुलीपर्यंत आली. आज ती शेवटी हाय म्हणून तिची गेली. उद्या ती मेली किंवा उठून गेली की शेवटी कोण? हा माणूस वर बसून निम्मी पिणार आन् आम्ही दोघी खाली चिखलात एकमेकींच्या वेण्या ओढणार. एवढे दिवस तेच तर करून राहिलो होतो, आन् शिवकांता दारात उभी राहून हसत होती. मला गंगम्मा नको होती. पण वीरण्णा त्याहून जादा नको होता.

मी कमरेचा विळा काढला आन् पायऱ्या उतरले. नवऱ्यानं बाजूला होऊन वाट दिली, चंद्रप्पालाही सरकावं लागलं. खाली गंगम्मानं हँडल घट्ट धरलं. तिला वाटलं मी हिसकायला आले.

"वेळू द्या इकडं," मी म्हणलं.

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग दिला. बाराच्या घड्या दोरीनं होतात, तेराच्या होत न्हाईत. तिनं कडब्याच्या एकाच मापाच्या तेरा कांड्या कापून एकापुढं एक ठेवल्या होत्या, वेळूएवढ्या भरंपर्यंत कापत आन् फेकत बसली असणार. कोळशाच्या रेघा त्यावरून ओढल्या होत्या. मी मांडीवर वेळू घेऊन एकेका रेघेवर विळा चालवला. तेरावीला विळा घसरला.

"शेवटची वाकडी पडली," गंगम्मा म्हणली.

"तुमची हाय, वाकडीच पडणार."

बाराची काठी उपटून मी पायरीवर फेकली आन् तेराची उभी केली. तिघांत दोन घरं एका काठीला लागली, हँडल खाली, आन् पाव म्हणून लिंगावर हात ठेवून वीरण्णा स्वतः बोलून बसलेला. स्वामी म्हणले, झालं आता, हीच काठी. वीरण्णा थुंकला. आपली बाराची काठी उचलून घरी घेऊन गेला.

त्यानंतर आम्ही दोघी गोड झालो असं समजू नका. उपकार मानणं तिला येत नव्हतं आन् मी ते तिच्यावर केलेही नव्हते. तिची वरच्या बाजूची झाडं गेली, खालची जगली. लिंबं लागली तवा तिनं साऱ्या गल्लीत वाटली, आमचं दार सोडून. माझी कोंबडी तिच्या आळ्यात गेली की ती भिंतीवरून फेकून द्यायची. मी माझी राख तिच्या बाजूला टाकायचे. पण दर उन्हाळ्यात विहीर खाली गेली की तेराची काठी उभी राहायची, पाणी कमी तशी आखूड काठी, खाचा मात्र तेराच. त्या मीच पाडायचे. तिचा दुसऱ्या कुणावर भरवसा नव्हता, आन् माझा तिच्यावर न्हाई, म्हणून ती समोर बसून बघायची.

ब्याऐंशीला उस्मानाबादचे दोन झाले आन् लातूर आमचा जिल्हा झाला. गाव ट्रकात बसून लातूरला गेलं. गुलाल काय, बँड काय. वीरण्णा नवा फेटा बांधून पुढं बसला. त्याचे गुडघे गेले होते, पण जिल्हा बघायला गेला. त्या साली आमच्या शिवारात पावसानं मधेच दडी मारली होती, काठी अजून विहिरीतच होती. माझी म्हैस व्यायला झालेली, म्हणून मी मागं राहिले. गंगम्मा अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती राहिली. साऱ्या गल्लीत आम्ही दोघीच वैरिणी.

दुपारी तिनं भिंतीवर लोटा आपटून मला बोलावलं.

"नीला, मी आता उठत न्हाई."

"दिसून राहिलंय."

"तुकडा तुझा. झाडं तुझी. स्वामीला सांगून ठेवलंय. आता माझ्या तीन खाचांचं बोल."

मी तो इचार आधीच केला होता, लपवत न्हाई. "वाटून घेऊ आम्ही दोन घरं."

"वाटून घेतलं की झाडं मरतील. खाचा झाडांच्या. तुझ्या न्हाईत."

"मग हे मला कशाला सांगता? मी तुमची कोण?"

"कुणी न्हाईस. म्हणूनच सांगून राहिले." ती हसायला गेली आन् खोकत बसली. मग म्हणली, "अप्पानं मायेनं वाटलं. ज्याला बघितलं त्याला दिलं. मायेचं माणूस बेरीज करत न्हाई. तुला माझी माया न्हाई. तू मोजशील."

"मी शपथबिपथ घेणार न्हाई."

"मागितली कुणी."

मी तिला पाणी पाजलं. दुसरं कुणी नव्हतंच. संध्याकाळी ट्रक परत आला, गुलालानं माखलेली माणसं उतरली, तवा ती गेलेली होती.

तिला माती दिली. आमच्यात बसवून देतात. ताठच बसली होती, तशीही.

त्याच्या पुढच्या पहाटे मी विहिरीवर गेले तर वीरण्णा आधीच येऊन बसलेला. हातात काठी. मी जवळ गेले आन् ओळखली. बाराचीच. एवढी वर्षं त्यानं आढ्याला खोचून जपून ठेवली होती. गड्याकडून तेराची काढून वर टाकली होती.

माझ्याकडं न बघता हवेत बोलला, "बहीण गेली. आता तेरा कशाला. निम्मी माझी, चार तुमच्या, उरलेल्या दोन थोरल्याच्या."

मी तोंडावरचा पदर मागं सारला. लग्नानंतर पहिल्यांदा त्याच्याशी सरळ बोलले. "भाऊजी, ती काठी बाजूला घ्या."

मी तेराची काठी उचलली, पायऱ्या उतरले, तिच्या जागेवर उभी केली. वर येऊन हात पुढं केला, तसं गड्यानं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आन् हँडल माझ्या हातात दिलं. माझ्या पोरानं इंजिन मारलं. मी फावड्यानं आमच्या पाण्याच्या दांडाचं तोंड बंद केलं, वीरण्णाच्या दांडाचं बंद केलं, आन् लिंबोणीचं फोडलं.

"ती मेली," वीरण्णा म्हणला.

"झाडं न्हाई मेली."

"तुझी काय लागत होती ती?"

"कायच न्हाई."

पाणी तिच्या आळ्यांतून फिरत होतं. तीन खाचा उघड्या पडल्या तवा मी दांड फिरवला आन् त्याला म्हणलं, आता तुमच्या सहा घ्या. तो काठी टेकत उठला. पुढं ती बाराची काठी तो गावात फिरताना टेकायलाच वापरायचा.

आता मोटार हाय, बोअर हाय, पण उन्हाळ्यात विहीर खाली जाते ती जातेच. माझ्या सुनेला मी सांगून ठेवलंय. गंगम्माचं नाव माझ्यापुढं काढू नको, मला सहन व्हत न्हाई. पण काठी लावली की तिच्या तीन खाचा आधी सोड.